एलटीएसपीवरची शाळेची कॉम्प्युटर लॅब, जूनपासूनच्या वापरानंतर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून आमच्या हायस्कूलच्या लॅबमधली सगळी मशीन्स एलटीएसपी या लिनक्सच्या पद्धतीने एकाच सर्व्हरवरून, म्हणजे एका मुख्य मशीनवरून, चालताहेत, एकाही मशीनमध्ये हार्ड डिस्क नाही आणि लॅबमध्ये विंडोज कुठेच नाही. चोपडा, यावलकडच्या शाळांमधले ओळखीचे सर लोक फोन करून विचारतात की भाऊ खरंच चालतं का, पोरांना जमतं का, खर्च किती आला, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो, चालतं आणि मस्त चालतं, पण सर्व्हर, नेटवर्कचा स्विच (सगळ्या मशीन्सच्या वायरी जोडायचा डबा) आणि बॅटरी या तीन ठिकाणी पैसे वाचवायचे असतील तर या भानगडीत पडू नका.

आपल्याकडे शाळेची लॅब बंद कशी पडते ते बहुतेक शिक्षकांनी पाहिलेलं आहे. कुठल्यातरी योजनेतून दहा-बारा मशीन्स येतात, हार घालून उद्घाटन होतं, पहिल्या वर्षी सगळी चालतात, मग एकात व्हायरस, एकाची हार्ड डिस्क कटकट वाजायला लागते, एकाचं विंडोज उडतं, दुरुस्तीवाला जळगावहून उद्या येतो म्हणतो आणि तो उद्या काही येत नाही, शेवटी दोन मशीन्स उरतात ती ऑफिसात जातात आणि लॅबला कुलूप. मशीन महाग असतं म्हणून लॅब बंद पडत नाही हो, दहा मशीन्स दहा तऱ्हेने बिघडतात आणि ती बघायला गावात माणूस नसतो म्हणून बंद पडते. मला एलटीएसपी आवडलं ते या एका कारणासाठी, स्वस्त आहे हे नंतरचं.

एलटीएसपी म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ च्या आसपास सुरू केलेलं हे काम, आणि २०१९ मध्ये ग्रीसमधल्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी ते जवळजवळ पूर्ण नव्याने लिहिलं, तिकडच्या शाळांमध्ये ते भरपूर वापरलं जातं. जुन्या आणि नव्या पद्धतीतला फरक समजून घ्या कारण नेटवरची निम्मी माहिती जुनी आहे. जुन्या पद्धतीत सगळी सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालायची आणि समोरचा डबा नुसता चित्र दाखवायचा, त्यामुळे सर्व्हर दणकट लागायचा आणि दोन-चार पोरांनी व्हिडिओ लावले की सगळी लॅब रडायची. नव्या पद्धतीत मशीन नेटवर्क कार्डावरून बूट होतं, सर्व्हरवरची एक दाबून बसवलेली इमेज, म्हणजे सगळी सिस्टीम एका फाईलमध्ये, वापरतं, पण काम स्वतःच्या प्रोसेसर आणि रॅमवर करतं. एकाच टाकीवरून घराघरात नळ यावा तसं. टाकी एकच साफ ठेवायची.

आमचा सर्व्हर आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, त्यावर उबुंटू मेट हे लिनक्स. यापेक्षा मोठा लागत नाही कारण भार क्लायंटवर, म्हणजे पोरांसमोरच्या मशीनवर असतो. क्लायंट म्हणजे कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी डेस्कटॉप, ४ जीबी रॅमची, मॉनिटर वेगळे जुन्यातलेच, आणि थोडे २ जीबीचे छोटे थिन क्लायंट डबे. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये फिरलात, चार ठिकाणी विचारलंत तर अशी मशीन्स साधारण पाच ते आठ हजारात मिळतात आणि हार्ड डिस्क नको म्हटलं की अजून थोडे कमी होतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर पाहिजे, त्यामुळे त्याआधीची चांगली धडधाकट मशीन्स ऑफिसं विकून राहिलीत. शाळांनी ती घ्यावी. घेताना तिथेच उभं राहून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, नेटवर्क बूट म्हणजे पीएक्सई आहे का ते बघून घ्या, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करता येतं का तेही बघा.

आता स्विच. हा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. साधा १०० एमबीपीएसचा जुना स्विच म्हणजे सर्व्हरकडून सेकंदाला फार तर १२ एमबी बाहेर पडणार, आणि तेवढ्यात सगळ्या वर्गाने वाटून घ्यायचं. तास सुरू झाला की सगळी पोरं एकदम बटण दाबतात, प्रत्येक मशीन सुरू होताना इमेजमधून शेकडो एमबी ओढतं, मग पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं नुसती पडद्याकडे बघण्यात जातात. गिगाबिट स्विच घेतला की हाच वेग दहापट. वायर पण चांगली कॅट ६ घ्या आणि पट्टीतून न्या, उघडी टाकलीत तर उंदीर कुरतडतात, आमच्याकडे बाजूलाच धान्याची खोली आहे त्यामुळे हे मी अगदी खात्रीने सांगतो. वायफायवर हे बूट होत नाही, वायर टाकावीच लागते.

फायबरच्या राउटरला मात्र हात लावायची गरज पडली नाही. राउटर मशीन्सना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देत राहतो आणि सर्व्हरवरचं डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी मोडमध्ये फक्त बूट कुठून करायचं तेवढं सांगतं. आणि नेट गेलं तरी लॅब चालू राहते, कारण बूट व्हायला नेट लागतच नाही, हे गावाकडे फार महत्त्वाचं आहे. ई-बालभारतीची पुस्तकांची पीडीएफ सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये आहेत, किविक्स या ऑफलाइन वाचायच्या सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडिया उतरवून ठेवलाय, फेट (PhET) ची विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत ती पण ऑफलाइन चालतात. आठवीच्या मॅडमनी विद्युत परिपथ त्यावर शिकवला, पोरांनी बल्ब जोडला, बॅटरी जोडली, मग एकाने मुद्दाम शॉर्ट सर्किट करून आग लावून बघितली आणि मग सगळ्यांनीच लावली. तो धडा त्या वर्गाला परत शिकवावा लागला नाही.

पोरांना जमतं का याचं उत्तर म्हणजे सातवीतला एक मुलगा, सातपुड्याकडच्या वस्तीवरून येतो, घरी कॉम्प्युटर बघितलेला नाही. एका तासाला त्याने टक्स पेंटमध्ये बैलगाडी काढून सेव्ह केली, पुढच्या तासाला त्याच्या जागेवर दुसरं कोणीतरी बसलेलं म्हणून त्याला मागच्या मशीनवर बसवलं. तो तोंड पाडून बसला, मनात धरलेलं की गाडी त्या पहिल्या डब्यात राहिली. लॉगिन केलं, फोल्डर उघडला, आणि वर्गात ओरडलाच, ‘सर, मनी फाईल आठे बी शे!’, म्हणजे माझी फाईल इथेही आहे. मग काय, सगळ्या पोरांनी जागा बदलून बदलून आपापल्या फायली बघितल्या, त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही. प्रत्येक मुलाचं खातं आणि फोल्डर सर्व्हरवर आहे, वर्ग, तुकडी आणि रोल नंबरवरून नाव दिलंय, तो कुठेही बसला तरी त्याचं काम त्याच्यासमोर येतं. ‘माझं मशीन, तुझं मशीन’ ही रोजची भांडणं संपली, हे मला फार मोठं वाटतं.

देखभालीचं सांगतो. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं असलं की फक्त सर्व्हरवर टाकायचं, टर्मिनलमध्ये इमेज बनवायची एक कमांड द्यायची, चहा होईपर्यंत इमेज तयार, मशीन्स रिस्टार्ट केली की सगळीकडे ते सॉफ्टवेअर हजर. जिओजेब्रा असंच टाकलं, गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीत मागितलं आणि शेवटच्या तासाला वापरलं. एखाद्या मशीनमध्ये पोरांनी काही उद्योग केले तरी सिस्टीममधले बदल रॅममध्येच असतात, बंद करून चालू केलं की जसंच्या तसं. फक्त मुलाच्या स्वतःच्या खात्यातली सेटिंग टिकते, म्हणजे कोणी खालचं पॅनलच उडवलं तर त्याच्या खात्यात ते उडालेलंच राहतं, तेवढं आपण सर्व्हरवरून नीट करून द्यायचं. एखादा डबा मेलाच तर त्या जागी दुसरा ठेवायचा, वायर लावायची, संपलं. आमचे शिपाई नाना हे काम करतात, त्यांनी कॉम्प्युटरचा कुठलाही कोर्स केलेला नाही.

एपोप्टिस नावाचं सॉफ्टवेअर सोबत टाकाच. माझ्या पडद्यावर सगळ्या मुलांचे छोटे पडदे दिसतात, कोण अडकलंय, कोण भलतंच करून राहिलंय ते जागेवरून कळतं. बोलायचं असलं की सगळे पडदे लॉक, माझा पडदा सगळ्यांना दाखवता येतो, म्हणून प्रोजेक्टर घ्यायची गरज उरली नाही. सुट्टी झाली की एका क्लिकवर सगळी मशीन्स बंद. एका मशीनवर दोन-तीन मुलं बसवून शिकवणाऱ्या शिक्षकाला याची किंमत लगेच कळेल.

मराठी टायपिंगला आयबस या कीबोर्ड बदलायच्या सॉफ्टवेअरमधून इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लावलाय. पोरांना महिन्याभरात हात बसतो, आधी इंग्रजी कीबोर्डवर अक्षरं जुळवत बसायची सवय नसल्याने त्यांना ते सोपंच जातं, त्रास होतो तो आम्हा मोठ्यांना. नववीच्या मुलांनी घरी आजीकडून अहिराणी ओव्या ऐकून लिब्रेऑफिसमध्ये टाइप करून आणल्या, त्याची प्रिंट काढून शाळेत लावलीय.

आता अडचणी, कारण त्या आहेत. २ जीबीवाल्या डब्यांवर फायरफॉक्समध्ये तीन-चार टॅब उघडले की मशीन गोठतं, डिस्क नाही म्हणून स्वॅपही (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) नाही, रॅम संपली की संपलं. रॅममधलाच डेटा दाबून ठेवणारं झेडरॅम लावून थोडं सुधारलं पण त्या डब्यांवर आम्ही जीकॉम्प्री हे खेळातून शिकायचं सॉफ्टवेअर, टक्स पेंट आणि टायपिंगच ठेवलंय, प्रोग्रॅमिंग शिकायचं स्क्रॅच आणि ब्राउझर ४ जीबीवर. नवीन घेणाऱ्यांनी २ जीबीच्या खाली बघूच नका, आणि शक्यतो ४ च घ्या. त्या डब्यांचा फायदा म्हणजे पंखा नाही, वीज पंधरा-वीस वॅटच्या आसपास, उन्हाळ्यात बरे पडतात.

लाइटचं तर काय सांगायचं. क्लायंटला डिस्कच नसल्याने अचानक लाइट गेली तरी त्याचं काही बिघडत नाही, पण सर्व्हर आणि स्विच बॅटरीवर असलाच पाहिजे, दोन्ही, नुसता सर्व्हर नाही. सर्व्हर झटक्यात बंद झाला तर सगळ्या शाळेच्या फायलींना धोका. आमचा सर्व्हर यूपीएसवर आणि यूपीएस शाळेच्या इन्व्हर्टरवर आहे. पोरांना दर दोन ओळींनी कंट्रोल एस दाबायची सवय लावलीय, आता लाइट गेली की वर्गातून आवाज येतो, ‘सर, सेव्ह केलंय’. मुलांच्या फायलींचा बॅकअप रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातो, हे सोडून चालणारच नाही, कारण या पद्धतीत सगळं एका जागी आहे, सर्व्हर बसला की पूर्ण लॅब बसते.

ऊन आणि धूळ हे आपल्या खान्देशचं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये पारा ४४, ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत सर्व्हर ठेवू नका, आम्ही तो स्लॅबच्या ऑफिसात ठेवून तिथून वायर लॅबमध्ये नेली. कापसाच्या दिवसात जिनिंगकडून येणारी बारीक रुई पंख्यात अडकते, ब्लोअरने साफ करावी लागते.

ऑफिसच्या कामाला विंडोजचं एक मशीन वेगळं ठेवलंय आणि ठेवावंच. यूडायस, शालार्थ वगैरे सरकारी पोर्टलं ब्राउझरमध्ये उघडतात, पण वरून येणारी पत्रं अजून कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये येतात, ती लिनक्सवर फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. क्लार्क भाऊसाहेबांना त्यासाठी लॅबमध्ये बोलावण्यात अर्थ नाही. काही पालकांनी विचारलं की पुढे एमएससीआयटीला विंडोज असतं मग पोरं अडतील का, तर जो मुलगा लिब्रेऑफिसमध्ये तक्ता बनवून बेरजेचं सूत्र टाकतो तो एक्सेलमध्ये पण टाकतो. केरळात सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सच शिकवतात.

ज्या शाळेत टर्मिनलमध्ये चार कमांड द्यायची तयारी असलेला एक तरी शिक्षक आहे, तिथे हे करा, आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून शिका म्हणजे एकाची बदली झाली तरी लॅब अडणार नाही. आमच्याकडे विज्ञानाच्या मॅडम आता इमेज स्वतः बनवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व्हरला दुसरी एसएसडी लावून दोन्हीवर एकच डेटा ठेवायचा आहे आणि शेजारच्या प्राथमिक शाळेपर्यंत वायर न्यायची आहे. त्याआधी कोणाला बघायला यायचं असेल तर चालू तासाला या, आणि येताना ३२ जीबीचा पेनड्राईव्ह आणा, तयार इमेज कॉपी करून देतो.