टॅडपोलच्या नाकाच्या स्लाइड्सचा संच: घ्यावा, पण माहितीपत्रक बाजूला ठेवावं

कोल्हापुरात शाहूपुरी भागातल्या प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानात 'टॅडपोल: घ्राणेंद्रिय' नावाचा 10 स्लाइड्सचा संच मिळतो (टॅडपोल म्हणजे बेडकाचं पाण्यातलं पिल्लू). लाकडी पेटीसह किंमत 1,800 रुपये. बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या प्राणिशास्त्राला विच्छेदन बंद झाल्यापासून ऊतींचं शिक्षण तयार स्लाइड्सवरच चालतं, त्यामुळे अशा संचाची नीट तपासणी व्हायला हवी. थोडक्यात मत असं: छेद (ऊतीचे पातळ काप) चांगले आहेत, पैसे वसूल होतात. सोबतचं चार पानी माहितीपत्रक मात्र जसंच्या तसं वर्गात वाचून दाखवू नये.

पहिल्या दोन स्लाइड्स अख्ख्या डोक्याच्या आहेत. नाकपुड्यांची जागा कळते, त्यापलीकडे फारसा उपयोग नाही. खरा माल 3 ते 8 क्रमांकांत आहे. नाकपुडीपासून मागे सरकत जाणारे हे आडवे छेद आहेत, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगजोडीने रंगवलेले. टॅडपोल तोंडाने पाण्याचा पंप चालवतो. पाणी बाहेरच्या नाकपुडीतून शिरतं, नाकाच्या पोकळीतून आतल्या छिद्रावाटे तोंडात उतरतं आणि कल्ल्यांकडे जातं. तिसऱ्या स्लाइडवर पोकळी बाहेर उघडलेली दिसते, आठवीवर ती तोंडाच्या पोकळीला मिळते. सहा स्लाइड्स क्रमाने पाहिल्या की हा मार्ग विद्यार्थ्याला स्वतः जोडता येतो. बाजारात सुट्या मिळणाऱ्या एकेकट्या स्लाइडवर हे कधीच साधत नाही.

पाचवी स्लाइड सर्वांत सरस. आधी 10 पट वस्तुभिंगाने पोकळी मधोमध आणा, मग 40 पटावर जा. पोकळीच्या भिंतीत केंद्रकांचे तीन थर वेगळे काढता येतात. पोकळीलगत लांबट, फिकट केंद्रकांची एक ओळ आहे, त्या आधारपेशी. त्यांच्याखाली गोल, गडद केंद्रकांच्या अनेक ओळी आहेत, या वास घेणाऱ्या चेतापेशी. अगदी तळाशी लहान, गडद केंद्रकांची ओळ तळपेशींची. तळपेशींवर विद्यार्थ्यांना थांबवा. घ्राणपेशी थेट पाण्याला भिडलेल्या असतात, झिजतात, मरतात, आणि त्यांच्या जागी तळपेशींतून नव्या तयार होतात. प्रत्येक नव्या पेशीला आपला तंतू पुन्हा मेंदूच्या घ्राणकंदापर्यंत, म्हणजे वासाचे संकेत घेणाऱ्या भागापर्यंत, न्यावा लागतो. चेतापेशींचं असं आयुष्यभर चालणारं नूतनीकरण शरीरात फार थोड्या ठिकाणी आढळतं.

छेदाची जाडी पेटीवर 6 मायक्रॉन लिहिली आहे आणि ती खरी वाटते. पडताळा सोपा आहे. 40 पटावर सूक्ष्म स्क्रू हळू फिरवा. केंद्रकांचा एकच संच स्पष्ट होऊन विरला तर छेद पातळ. एक संच विरताना त्याच जागी दुसरा वर येत राहिला तर छेद 10 मायक्रॉन किंवा जास्त जाडीचा, आणि अशा स्लाइडवर तीन थर मोजता येत नाहीत.

सहाव्या स्लाइडवर मुख्य पोकळीच्या आतल्या-खालच्या बाजूला एक छोटी वेगळी पिशवी दिसते. ते व्होमेरोनेझल इंद्रिय, म्हणजे नाकातलं वास घेणारं दुसरं इंद्रिय. टॅडपोलमध्येही ते असतं, आणि त्याचे तंतू मुख्य घ्राणकंदाकडे न जाता सहायक घ्राणकंदाकडे जातात. ते इतकं स्वच्छ कापलं गेलेलं फार क्वचित पाहायला मिळतं. या एका स्लाइडसाठीही संच घ्यावा.

आता तक्रारी. पाचव्या स्लाइडच्या लेबलवर 'सिलियायुक्त व मायक्रोव्हिलायुक्त चेतापेशी' असं छापलंय (सिलिया म्हणजे पेशीवरचे केसासारखे धागे, मायक्रोव्हिलस म्हणजे त्याहून बारीक बोटासारखा उंचवटा). पाण्यात वास घेणाऱ्या टॅडपोलमध्ये या दोन्ही प्रकारच्या पेशी असतात, हे बरोबर. पण या स्लाइडवर त्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. मायक्रोव्हिलस साधारण 0.1 मायक्रॉन जाडीचा असतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा 0.2 मायक्रॉनच्या आसपास संपते. 100 पट तेलभिंगाखालीही पृष्ठभागावर एक धूसर किनार तेवढी दिसते. विद्यार्थी लेबल वाचून वहीत दोन प्रकारच्या पेशी रंगवतो, न पाहिलेलं काढतो, आणि परीक्षक त्याला गुण देतो. हे थांबवायला हवं. फरक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रावर दाखवावा.

फरक शिकवायचा मात्र नक्की, कारण तो नुसता आकाराचा नाही. सिलिया असलेल्या पेशींत गंधरेणू पेशीवरच्या ग्राही प्रथिनाला चिकटला की जी-प्रथिन जागं होतं, सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पेशीच्या पडद्यातले आयनमार्ग उघडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत येतात, मग क्लोराइड बाहेर पडून संकेत आणखी जोर धरतो. झेनोपसच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या, टॅडपोलमध्ये अमिनो आम्लांचा वास घेणाऱ्या बऱ्याच पेशी मात्र सीएएमपीच्या वाटेने जात नाहीत. माहितीपत्रकात सगळ्या पेशींना एकच वाट दाखवली आहे.

पत्रकातला मोठा दोष यापुढचा. त्यातलं नाकाच्या तीन कप्प्यांचं चित्र याच झेनोपसचं आहे. तो जन्मभर पाण्यात राहतो. रूपांतरात, म्हणजे टॅडपोलचा बेडूक होताना, त्याची मुख्य पोकळी हवेचा वास घेणारी होते आणि मधली पोकळी नव्याने तयार होऊन पाण्याचा वास सांभाळते. आपल्याकडच्या बेडकांत मधल्या पोकळीला वास घेणारं अस्तर नसतं. दहावी स्लाइड प्रौढ बेडकाच्या नाकाची आहे, आणि पत्रक हाती धरून विद्यार्थी तिथे मधल्या पोकळीत घ्राणपेशी शोधत बसतो. त्या सापडणार नाहीत, कारण त्या नाहीतच. हीच स्लाइड दुसऱ्या कामासाठी उत्तम आहे: अस्तराखालच्या, श्लेष्मा सोडणाऱ्या बोमन ग्रंथी पाहा, मग पाचवीवर परत या. टॅडपोलमध्ये त्या नाहीत. हवेत वास घ्यायचा तर अस्तर ओलं ठेवणारा श्लेष्मा लागतो, पाण्यात बुडालेल्या नाकाला त्याची गरज नसते.

पेटीवर जातीचं नाव नाही आणि वाढीची अवस्थाही नाही. टॅडपोलच्या स्लाइडवर गॉस्नर अवस्था लिहिलेली नसणं ही गंभीर उणीव आहे. 1960 साली मांडलेली ही 46 टप्प्यांची मोजपट्टी आजही चालते: 25 ला टॅडपोल स्वतः खाऊ लागतो, 42 ला पुढचे पाय बाहेर येतात. या दोन टोकांच्या नाकांत बराच फरक असतो. नमुने कुठून आणि कोणत्या परवानगीने घेतले, हेही दुकानाकडून लेखी मागून घ्यावं.

छेद किंचित तिरके आहेत. डावी नाकपुडी उघडी असते तेव्हा उजवी अजून बंद दिसते. मेणात डोकं बसवताना जरा कललं की असं होतं. आम्हाला यात तोटा दिसत नाही, एकाच स्लाइडवर दोन पातळ्या मिळतात. विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर ते दोन्ही बाजू वेगळ्या रचनेच्या समजतात.

चेतातंतू दाखवणारी नववी स्लाइड धूसर निघू शकते. तपासलेल्या दोन पेट्यांपैकी एकीत तसं होतं. अल्कोहोल वापरून छेदातलं पाणी पुरतं काढलं नाही की त्यानंतरचं झायलीन हे द्रावक दुधाळ होतं आणि छेदावर पांढरट पडदा राहतो. पावसाळ्यात बनवलेल्या स्लाइड्सना हा धोका जास्त. दुकान बदलून देतं. घरचा उपाय हवा असेल तर आच्छादन-काच सुटेपर्यंत स्लाइड झायलीनमध्ये ठेवा, शुद्ध अल्कोहोलमध्ये दोनदा पाच-पाच मिनिटं, पुन्हा ताज्या झायलीनमध्ये, मग डीपीएक्स (आच्छादन-काच चिकटवणारं द्रव्य). इओसिन अल्कोहोलमध्ये थोडं उतरतं, म्हणून जास्त वेळ ठेवू नये.

पत्रकाच्या शेवटी जिवंत टॅडपोलच्या टाकीत कांद्याचा रस टाकून 'वासाची परीक्षा' घ्यायला सांगितलंय. हे करू नये. तिखट रसाने त्वचेलाच त्रास होतो, ती हालचाल वासाची खूण नव्हे. डबक्याकाठी, प्राणी न पकडता, उकडलेला पालक कापडी पुरचुंडीत एका बाजूला आणि तशीच रिकामी पुरचुंडी दुसऱ्या बाजूला सोडून निरीक्षण पुरतं. पुरचुंडी तांब्याच्या तारेने बांधू नये, तांब्याचे आयन माशांच्या घ्राणपेशींना घातक ठरलेले आहेत. टॅडपोल वासावरून काय काय ओळखतात याचं गंभीर काम हवं असेल तर कोल्हापूरहून फार लांब जायला नको: धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एस. के. सैदापूर यांच्या गटाने भेकाची टॅडपोल आपली सख्खी भावंडं ओळखतात का, यावर संशोधन केलेलं आहे.

पेटी आडवी ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि जून ते सप्टेंबर ती दर आठवड्याला वाळवा. नवी मागणी नोंदवताना मेणाच्या त्याच ब्लॉकमधून कापलेल्या, चांदीच्या प्रक्रियेने रंगवलेल्या दोन जादा स्लाइड्स मिळतील का, ते विचारा. चेतातंतू त्यात काळे उठून दिसतात, आणि नववी स्लाइड जे काम अर्धवट करते ते पुरं होतं.