नजर वर येईपर्यंत खूण नाही: रत्नागिरीजवळचा कर्णबधिर मुलांचा वर्ग

रत्नागिरीजवळ लहान कर्णबधिर मुलांसाठी आठवड्यातून एकदा पाऊण तासाचा वर्ग भरतो. शिकतात मात्र आया आणि आज्या, मुलं खेळतात. तेच बरोबर आहे. या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी सगळ्यांना ऐकू येतं, त्यामुळे डोळ्यांनी बोलायची सवय मोठ्यांनाच लावावी लागते.

पहिला धडा परातीतल्या बांगड्याचा. ऐकणारं मूल माशाकडे बघता बघता नाव कानाने उचलतं. कर्णबधिर मुलाला एका वेळी मासा तरी दिसतो, नाहीतर आईचे हात. म्हणून मासा दाखवायचा, हात मांडीवर ठेवायचे, मनात पाच मोजायचे. मुलाने मान वर केली की लगेच हातांनी माशाची खूण. हनुवटी धरून तोंड वळवायचं नाही, मूल चिडून नजर चुकवायला लागतं. फारच गुंगलं असेल तर दंडावर हलकी थाप द्यायची, किंवा खूण माशाला लागूनच करायची. कर्णबधिर आईबाप हे न शिकता करतात. त्यांची ७ ते २० महिन्यांची कर्णबधिर बाळं मोठ्यांच्या नजरेचा माग ऐकणाऱ्या बाळांपेक्षा चांगला काढतात, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं.

घरच्या सूचनाही कामाच्या: विळीवर पाठमोरं बसू नका, पडवीत उजेड चेहऱ्यावर घ्या, वीज गेली तर बॅटरी तुमच्या हातांवर धरायला कुणाला तरी सांगा. गंमत म्हणजे दुपारच्या तुकडीत बाईच खिडकीकडे पाठ करून बसतात आणि नुसती सावली दिसते. सकाळची तुकडी घ्या.

खरी उणीव पुढे आहे, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते मुलाला कळतं का हे बघायच्या खेळात. ताई बाहेर गेल्यावर डब्यातले काजू टोपलीत ठेवायचे आणि विचारायचं, ती कुठे शोधेल? ‘डब्यात’ हे उत्तर साधारण चौथ्या वर्षी येतं. कर्णबधिर आईबापांच्या कर्णबधिर मुलांनाही. ऐकणाऱ्यांच्या घरातली कर्णबधिर मुलं इथे बरीच मागे राहू शकतात, कारण कुणाला काय वाटलं याच्या गप्पा त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. वर्गात हा खेळ तीन वर्षांच्या मुलांना घालतात, ते वाया जातं. शिवाय खुणा सगळ्या नावांच्या: नारळ, होडी, बांगडा. ‘वाटलं’, ‘विसरली’, ‘फसली’ यांची एकही नाही. त्या वर्गात येईपर्यंत दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश ऑनलाइन उघडा आणि असे शब्द घरीच शिकून घ्या.