प्रायमर लावलेले अ‍ॅल्युमिनियम पॅनेल: पॅडने घासावे की वॉटर पेपरने?

विमानाच्या अंतर्भागातील पॅनेलवर अंतिम रंग देण्यापूर्वी प्रायमर (रंगाखाली दिलेला पहिला थर) किती जुना आहे हे आधी पाहावे. इपॉक्सी प्रायमरच्या माहितीपत्रकात पुढचा थर किती वेळाच्या आत द्यायचा हे दिलेले असते. त्या मुदतीत आणि स्वच्छ पृष्ठभागावर रंग मारला तर सहसा घासावे लागत नाही. मुदत टळली की प्रायमर इतका कडक होतो की नव्या थराला धरण्यासाठी बारीक ओरखडे पाडावेच लागतात.

त्यासाठी तांबडा स्कॉच-ब्राइट पॅड (घासणीसारखा खरखरीत तंतूंचा पॅड) आणि 400 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरता येणारा पॉलिश पेपर) हे दोन पर्याय समोर येतात. पॅड रिव्हेटच्या डोक्यांभोवती, वळणांत आणि घड्यांत सहज फिरतो आणि प्रायमर फारसा खरवडत नाही. पण ओघळ किंवा धुळीचे कण त्याने सपाट होत नाहीत, त्यांची फक्त चमक मरते. ठोकळ्यावर गुंडाळलेला वॉटर पेपर ते दोष काढतो, मात्र कडांवर व रिव्हेटवर दोनचार हात जास्त फिरले की खालचा धातू चमकू लागतो, आणि अल्क्लॅड पत्र्यावर (शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेला मिश्रधातूचा पत्रा) तर तो संरक्षक थर मुळातच पातळ असतो. म्हणून रिव्हेट असलेल्या पॅनेलसाठी मी पॅडच सुचवेन आणि वॉटर पेपर ओघळापुरताच वापरेन. धातू उघडा पडलाच तर तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर द्यावा. स्टील वूल मात्र कधीही वापरू नये, कारण लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून तेथे गंज धरतो.

प्रायमर क्रोमेटयुक्त असेल तर कोरडे घासणे वर्ज्यच मानावे. त्या धुळीतील षट्संयुजी क्रोमियममुळे कर्करोग होतो. अशा वेळी ओले घासावे, योग्य रेस्पिरेटर व हातमोजे वापरावेत, गाळ टिपून वेगळा ठेवावा आणि सांध्यांत शिरलेले पाणी पूर्ण वाळू द्यावे.

कोणताही पर्याय निवडला तरी आधी तेलकटपणा काढावा आणि मगच घासावे, नाहीतर तेल ओरखड्यांत चोळले जाते. माहितीपत्रकात सांगितलेल्या क्लीनरने भिजलेल्या फडक्याने पुसल्यावर तो उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपणे आवश्यक आहे. एकाच फडक्याने पुसल्यास मळ फक्त जागा बदलतो. प्रायमर कोणता हे ठाऊक नसेल, तर आडोशाच्या कोपऱ्यात अंतिम रंगाचे थिनर लावून पाहावे. प्रायमर विरघळून फडक्याला लागला, तर त्यावर तीव्र थिनरचा रंग सुरकुतण्याचा धोका असतो, आणि तेव्हा तो थर काढून नव्याने प्रायमर देणेच योग्य.