स्पेसरचे आठ महिने, आणि त्याआधी गुळण्यांवर घालवलेले चार

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, जिल्हा न्यायालयात एका साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना, माझा आवाज अर्ध्या प्रश्नावर गेला. सर्दी नव्हती, घसाही दुखत नव्हता. खाकरून पुन्हा विचारायला गेलो तर तोंडातून नुसती हवा आली. साक्षीदार माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागला, आणि वकिलाला याहून मोठी नामुष्की नाही. बाहेर चहावाल्याने विचारले, "काऊन जी वकील साहेब, आवाज बसला का?" तो इनहेलरमुळे बसला होता, हे मला पुढच्या आठवड्यात कळले.

त्याआधीच्या जूनपासून मी दम्यासाठी कॅप्सूल घालून ओढायचा पावडरचा इनहेलर वापरत होतो: ब्युडेसोनाइड (दाह कमी करणारे स्टेरॉइड) 400 मायक्रोग्रॅम आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे) 6, सकाळ-संध्याकाळ. दम्यापुरते बोलायचे तर औषधाने आपले काम चोख केले आणि रात्री उठून बसणे थांबले. मात्र सप्टेंबरात आवाज घोगरा होऊ लागला. सकाळी ठीक असे, दुपारच्या सत्रात फाटे.

येथे गुळण्यांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझा सर्वांत मोठा राग त्यांच्यावरच आहे. औषध घेतल्यावर चूळ भरावी, हे मला डॉक्टरांनी सांगितले, केमिस्टने सांगितले आणि माहितीपत्रकातही तसेच छापलेले होते. मी ती सूचना एखाद्या मनाई हुकमाप्रमाणे पाळली. आवाज बिघडू लागल्यावर चुळांच्या गुळण्या झाल्या, साध्या पाण्याचे मिठाचे कोमट पाणी झाले, मग त्यात हळद आली, ज्येष्ठमधाची काडी खिशात आली, आणि बाररूमच्या मागच्या नळावर माझ्या गुळण्यांचा आवाज माझ्या युक्तिवादापेक्षा मोठा येऊ लागला. असे चार महिने गेले. शेवटी नागपूरच्या धंतोलीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरयंत्र पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत गेले, तर तुम्हाला ठसका लागेल. ते तिथे जातच नाही." इतके साधे होते ते! गुळणी तोंडातले आणि घशाच्या मागच्या भागातले औषध धुते, त्यामुळे तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येण्याची शक्यता कमी होते. ते मला आले नाहीत, एवढे श्रेय मी गुळण्यांना देतो. आवाजाचा प्रश्न त्यांच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा होता.

पडद्यावर माझे स्वरतंतू किंचित बाकलेले दिसत होते आणि बोलताना मध्ये फट राहत होती. श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडचा काही भाग फुप्फुसात न जाता वाटेत स्वरयंत्रावर बसतो, तिथल्या बारीक स्नायूंना शिथिल करतो आणि आवरणाचा दाह करतो; औषध कमी झाले किंवा त्याचा मार्ग सुधारला की हे बहुधा भरून येते, असे त्यांनी सांगितले. मी त्यातला सोयीचा अर्थ तेवढा घेतला आणि इनहेलर स्वतःच्या मर्जीने बंद केला. नवव्या रात्री छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. छातीच्या डॉक्टरांनी त्यावर जे ऐकवले, ते येथे लिहीत नाही.

त्यांनी पावडरऐवजी तेच औषध फवाऱ्याच्या पंपातून, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायचा प्लॅस्टिकचा पोकळ डबा) लावून घ्यायला सांगितले. पावडर जोरात आणि झटक्यात ओढावी लागते. फवारा सावकाश घ्यायचा असतो, आणि स्पेसरच्या पोकळीत त्याचे मोठे कण भिंतीला चिकटून मागे राहतात, एरवी तेच घशावर आदळतात. स्पेसर पावडरच्या उपकरणाला लावता येत नाही, तरीही मेडिकल चौकातल्या एका दुकानदाराने मला तो "त्यालाच लावा" म्हणून दाखवला होता. प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्याला साडेतीनशे रुपये मोजणे मला मान्य नव्हते, आणि तो कोटाच्या खिशात मावतही नाही. तरी घेतला.

तीन आठवडे काहीही फरक पडला नाही आणि पैसे पाण्यात गेले, असे मी घरी जाहीर केले. सहाव्या आठवड्यात पत्नी फोनवर म्हणाली, "अहो, आज तुम्हीच बोलताय ना?" एप्रिलमध्ये दिवसभर युक्तिवाद करून संध्याकाळी बोलता येऊ लागले, तेव्हा मी आधीचे मत मागे घेतले.

मे महिन्यात मात्र आवाज पुन्हा खरखरू लागला, सोबत खोकलाही आला आणि मी पुन्हा स्पेसरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. चूक माझीच निघाली. मी तो दर रविवारी धुऊन आतून दुपट्ट्याने घासून पुसत होतो. घासल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषध भिंतीकडे ओढले जाते आणि छातीत कमी पोचते. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तर ती वीज लवकर जातही नाही. दमा डोके वर काढतो, माणूस खोकतो, खाकरतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटत राहतात. आता मी साबणाच्या सौम्य पाण्यात धुतो आणि न पुसता वाळायला ठेवतो. एका वेळी एकच फवारा, सावकाश श्वास, मग दहा सेकंद श्वास रोखणे. हे सारे दात घासण्याच्या आधी करतो, म्हणजे चूळ आपोआप होते आणि वेगळे पाणी तापवावे लागत नाही.

तक्रार एकच उरली आहे. स्पेसरच्या दोन भागांचा सांधा सैल झाला आहे आणि तो ब्रीफकेसमध्ये आपोआप उघडतो. डॉक्टर म्हणतात, नवा घ्या. गेल्या तपासणीत त्यांनी डोस दोन फवाऱ्यांवरून एकावर आणला, तेव्हा निम्म्या कामाला जुनाच पुरेल, असे मी त्यांना म्हणून पाहिले. यंदा गणपतीच्या आरतीत वरचा स्वर अजून लागला नाही, पण न्यायाधीशांनी "जरा मोठ्याने" असे म्हटल्याला चार महिने झाले.