ओसरीवरची गाणी सभागृहात: नागपूरच्या एका गाणाऱ्या कुटुंबाविषयी

एकाच घरातल्या तीन पिढ्या ‘डोळा’ हा शब्द तीन तऱ्हांनी उच्चारतात. आजी पूर्व विदर्भातल्या साकोलीकडच्या असल्यामुळे त्यांच्या तिकडच्या झाडीबोलीत तो ‘डोरा’ होतो, सूनबाई अकोल्याच्या असल्यामुळे त्यांच्या वऱ्हाडीत ‘डोया’ होतो आणि नागपूरच्या शाळेत शिकलेली नातवंडे सरळ ‘डोळा’ म्हणतात. विदर्भातील पारंपरिक गाणी सादर करणाऱ्या या पाच जणांच्या कुटुंबाला मी दोनदा ऐकले, एकदा कोजागिरीच्या सुमारास शहरातील एका सभागृहात आणि त्यानंतर माघात माझ्या भाचीच्या हळदीला मानेवाड्यातील आमच्या घरी. दोन्ही वेळा सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की गाणे ज्या मुलखातून आले त्या मुलखाचा उच्चार त्यांनी मंचावर येताना घरी ठेवून दिलेला नाही.

हा केवळ शुद्धतेचा आग्रह नाही. लोकगीत मंचावर आले की ते प्रमाण मराठीत ‘नीट’ करून म्हणण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि त्यात गाण्याची हाडेच मोडतात. वऱ्हाडी ओळीत ‘काया’ला ‘माया’ जुळलेले असते. तिथे गायकाने ‘काळा’ म्हटले की यमक जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी केलेले काम ग्रंथांतून वाचता येते, परंतु ‘ळ’चा ‘र’ झाल्यावर चाल किती मोकळी होते, हे कानांनीच कळते. या घरातील नातवाला आजीचे गाणे आजीच्याच उच्चारात म्हणताना ऐकले तेव्हा शेजारी बसलेले भंडाऱ्याचे एक वृद्ध गृहस्थ खुर्चीच्या कडेला सरकून बसले, ते शेवटपर्यंत तसेच बसून होते.

सभागृहातील कार्यक्रम दोन तासांचा होता आणि त्याची सुरुवात जात्यावरच्या ओव्यांनी झाली. मंचावर खरे जाते होते. आजी आणि सूनबाई समोरासमोर बसून खुंट्याला हात लावून ज्वारी दळत होत्या, एक माईक जात्याजवळ जमिनीवर ठेवलेला होता आणि दगडाची घरघर हाच पहिल्या वीस मिनिटांचा ताल होता. ढोलकी नाही, पेटी नाही. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर चालते, जात्यात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालण्यासाठी हात थांबला की आवाजही क्षणभर थांबतो आणि फेरा पुन्हा सुरू झाला की पुढची ओवी उचलली जाते, हे मी पूर्वी वाचले होते. या वेळी प्रथमच ते समोर घडताना पाहिले. त्या थांबण्याला टाळ्यांनी भरून काढू नये अशी विनंती आजींनी आधीच केली होती आणि श्रोत्यांनी ती पाळली. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्या कामाचे ऋण मोठे आहे. मात्र कागदावरच्या ओवीत दोन बायकांचे दळताना चढत जाणारे श्वास नसतात. शेवटच्या ओव्यांत आजींचा आवाज दमून खाली येत होता आणि सूनबाई तो अलगद उचलून धरत होत्या. संपूर्ण कार्यक्रमात यापेक्षा सुंदर काही नव्हते.

त्यानंतरचा भुलाबाईचा भाग नातीने आणि सूनबाईंनी उभा केला. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी म्हटली जाणारी ही गाणी नागपुरात अजून पूर्ण विसरली गेलेली नाहीत, तरी नव्या वसाहतींमध्ये ती दोन-तीन ठरलेल्या गाण्यांवर आली आहेत, हे मी स्वतः पाहत आहे. या कुटुंबाने ज्वारीच्या धांड्यांचा लहानसा मखर मंचावर बांधला, टिपऱ्यांवर गाणी म्हटली आणि शेवटी डबा हलवून ‘खाऊ ओळखा’ असे श्रोत्यांतील मुलांना विचारले. एरवी अशा युक्त्यांमुळे कार्यक्रम स्नेहसंमेलनासारखा होतो. येथे तसे झाले नाही, कारण खाऊ ओळखणे हा त्या गाण्यांचाच शेवट आहे. तो गाळला तर गाणे अर्धवट राहते.

पोळ्याला बैलांच्या तोरणापाशी मोठ्याने म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, महादेवाची गाणी आणि दंडार या नाचत-गात करायच्या लोकनाट्यातील काही पदे यांना मिळून अर्धा तास दिला होता. झडत्यांमध्ये श्रोत्यांचा आवाज आपोआप मिसळला, ते साहजिकच होते. दंडार मात्र बैठ्या मंचावर बसत नाही. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, ज्यांनी ती पाहिली आहे, त्यांना पायांच्या हालचालींविना ती पदे उपाशी वाटतील. खडी गंमतही वगळली असती तरी चालले असते. ती नावाप्रमाणे उभ्याने करायची आणि चारी बाजूंनी घेरलेल्या गर्दीत रंगणारी कला आहे, तिचा दहा मिनिटांचा नमुना देऊन काही साधत नाही.

आता स्पष्ट दोष. उत्तरार्धात आजींच्या मुलाने वाजवलेला कीबोर्ड या गाण्यांना मुळीच मानवत नाही. आजींचा गंधार कीबोर्डाच्या पट्टीपेक्षा किंचित खाली लागतो आणि तो तिथेच लागायला हवा. कीबोर्ड सुरू झाला की त्या नकळत वर सरकतात आणि गाणे ओळखीच्या भावगीतासारखे गुळगुळीत होते. तुणतुणे, डफ आणि खंजिरी एवढी साथ पुरेशी आहे. विशेषतः खंजिरी, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे तिचा नाद इथल्या माणसाच्या कानात मुरलेला आहे. दुसरे, निवेदन लांब आणि पुस्तकी आहे. जे कुटुंब गाताना बोलीशी इतके प्रामाणिक राहते, त्याने बोलताना सरकारी मराठी का वापरावी, हे मला समजले नाही. तिसरी बाब गंभीर आहे. शेवटी त्यांनी रेला हे गोंड समाजाचे नाचाचे गाणे गोंडीत म्हटले, पण त्याचा अर्थ सांगितला नाही आणि ते कोणाकडून शिकले हेही सांगितले नाही. स्वतःच्या घरची गाणी आणि दुसऱ्या समाजाकडून घेतलेले गाणे यांत फरक आहे, आणि तो फरक मंचावरून उच्चारला जायला हवा. गोंडी गायकांना सोबत बोलावता आले तर सर्वांत उत्तम.

नागपूरकर म्हणून आणखी एक अपेक्षा आहे. मारबत, म्हणजे ईडा-पीडा घालवण्यासाठी मिरवणुकीने नेला जाणारा पुतळा; काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून या शहराच्या रस्त्यांवरून निघते. झडत्या म्हणून थांबणाऱ्या कार्यक्रमाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या त्या आरोळ्यांपर्यंत एक पाऊल पुढे जाणे अवघड नव्हते.

घरच्या हळदीचा अनुभव अधिक समाधानाचा होता. त्यांनी आठवडाभर आधी फोन करून आमचे गाव कोणते, घरात कोणाला जुनी गाणी येतात, हे विचारले आणि वऱ्हाडी हळदीची गाणी निवडली. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ते आले, ध्वनिक्षेपक लावला नाही आणि सतरंजीवर बायकांच्या मधोमध बसले. कीबोर्ड त्या दिवशी आणलाच नव्हता. दारात डफडे वाजत होते, आत गाणी चालली होती आणि डीजेसाठी अडून बसलेली तरुण मुले तासाभरात आतल्या खोलीत येऊन बसली. ज्यांना घरी बोलवायचे असेल त्यांनी एवढे करावे: जागा लहान घ्यावी, खुर्च्या मांडू नयेत आणि घरातल्या वयस्कर बायकांना पुढे बसवावे, कारण अर्धी गाणी त्यांच्याकडूनच निघतात. भुलाबाईच्या महिन्यात त्यांच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा पोळ्यापूर्वीच विचारावे.

माझी आई मोर्शीची आहे. तिसरे गाणे सुरू असताना तिने हात वर करून त्यांना थांबवले आणि ‘आमच्याकडे हे कडवं असं नाही म्हणत’ असे सांगितले. मला थोडा संकोच वाटला. आजींनी मात्र तिला पुढे बोलावले, पूर्ण कडवे दोनदा म्हणायला लावले आणि सूनबाईंनी पिशवीतून जाड वही काढून ते उतरवून घेतले. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर गाणे देणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव होते. आईचे नाव लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘काकू, मोर्शी माहेर की सासर?’ माहेर, असे आईने सांगितले. त्यांनी तेही लिहिले आणि गाणे आईच्या कडव्यापासून पुन्हा सुरू झाले.