मराठी थिसिसचं टायपिंग आणि बाइंडिंग: इथे वाचून टाइप करतात

अप्पा बळवंत चौकातून आतल्या गल्लीत, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. जिना अंधारा आहे, पावसात जपून चढा. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि काकू. माझा पीएचडीचा थिसिस मी इथे करून घेतला, विषय बेटांवरच्या समाजात बायकांचं राजकीय नेतृत्व.

आधी दुसरीकडे दिला होता, नाव नाही घेत. तिथे श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल युनिकोडला घेताना रफार उडाले, ते मी हाताने लावलेही असते, पण सामोआच्या (पॅसिफिकमधला बेटांचा देश) चॅप्टरमध्ये ५.१ चं ५१ झालं आणि माझ्या नजरेतून सुटलं. ते चॅप्टरच त्या टिंबावर उभं आहे हो! सामोआने २०१३ मध्ये घटना बदलून संसदेत किमान १० टक्के बायका हव्यात असं ठरवलं. २०२१ ला ५१ जागांवर ५ जणी निवडून आल्या, आणि ५१ चे १० टक्के होतात ५.१, मग पाच पुरे की सहावी हवी? निवडणूक आयोगाने सहावी नेमली ती सत्ताधारी पक्षाची, सत्ताधारी आणि फिआमे नाओमी माताअफा यांचा विरोधी पक्ष २५-२५ वर होते, त्यामुळे एकुलता एक अपक्ष फिआमेंच्या बाजूला आला तरी गाडी २६-२६ वर अडली. बायकांसाठीच्या कोट्यानेच देशाची पहिली बाई पंतप्रधान अडवली, हे लिहिताना मला खरंच त्रास झाला होता. सुप्रीम कोर्टाने ती नेमणूक रद्द केली, तरी २४ मे ला संसदेला कुलूप, शेवटी बाहेर मांडवात शपथ घेतली. जूनमध्ये अपील कोर्टाने सहावी लागतेच पण ती पोटनिवडणुकांनंतर, असं सांगितलं, आणि जुलैत त्यांचं सरकार मान्य केलं.

काकूंनी पहिल्याच दिवशी स्क्रीनवर बोट ठेवलं, "अगं, एक्कावन्नचे दहा टक्के एक्कावन्न कसे होतील?" माझ्या अंगावर काटाच आला, गाइडकडे ही कॉपी गेली असती तर!

मग काकूंनी सूचीसाठी विचारलं, फिआमे हे आडनाव का. म्हटलं नाही, ती मताई पदवी, घराण्याच्या प्रमुखाची, वडील गेल्यावर त्यांनी कोर्टात जाऊन मिळवली. तिथे मताई असल्याशिवाय निवडणुकीला उभंच राहता येत नाही आणि काही गावं बायकांना ती पदवी मानतच नाहीत. काकू म्हणाल्या, "म्हणजे आधी पाटीलकी मिळव, मग फॉर्म भर." हे वाक्य मी व्हायव्हात वापरलं.

लक्षद्वीपच्या चॅप्टरला तर त्यांनी टायपिंगच थांबवलं. तिथल्या मिनिकॉय बेटावर घराणं आईकडून चालतं, गावाला पुरुष प्रमुख असतो तशी बायकांचीही एक प्रमुख असते, पण लक्षद्वीपच्या एकुलत्या एक लोकसभेच्या जागेवर आजवर बाई गेलेली नाही. काकू जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमच्या जाऊबाई सरपंच आहेत, मीटिंगला भाऊजी बसतात." आपल्याकडे २०११ पासून पंचायतीत ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे खुर्ची कायद्याने मिळाली पण बोलायचं कोणी ते घरात ठरतं, आणि मिनिकॉयला घरात मान आहे पण तो दिल्लीपर्यंत पोचत नाही. माझ्या शेवटच्या चॅप्टरला हवा होता तो धागा मला त्या स्टुलावर बसून सापडला.

आता तक्रार. हार्ड बाइंडिंग चार दिवसांत सांगून सात दिवस लावले, सबमिशनची तारीख जवळ असेल तर आधीच जा. टेबलचे पैसे वेगळे पडतात ते सुरुवातीलाच विचारा. सोनेरी अक्षरं मात्र सुरेख, एकही जोडाक्षर तुटलेलं नाही. दुपारी एक ते चार बंद. आणि प्रूफ घरी नेऊ नका, तिथेच काकूंच्या शेजारी बसून वाचा.