माहुरझरीचं विपश्यना शिबिर: देवधर्म न मानणाऱ्यांनी जावं का?

नागपूर-कळमेश्वर रस्त्यालगत माहुरझरी गावाजवळ 'धम्म नाग' हे विपश्यनेचं, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या एका ध्यानपद्धतीचं, केंद्र आहे. इथल्या शिबिराची शिफारस करणारे बहुतेक जण आधीच श्रद्धाळू असतात. त्यामुळे देव, पुनर्जन्म, मोक्ष यातलं काहीच न मानणाऱ्याच्या हाती उपयोगाचं फारसं लागत नाही. आमचं मत आधीच सांगतो: जावं. फक्त साधना एका बाजूला आणि तिच्यामागचा सिद्धांत दुसऱ्या बाजूला, असे दोन कप्पे करून जावं.

शिबिर दहा दिवसांचं म्हणवतं, पण रजा बारा दिवसांची टाका. आदल्या दुपारी पोचून नोंदणी करायची आणि अकराव्या दिवशी सकाळी सुट्टी. मोबाईल, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा. जपमाळ, तावीज, गंडेदोरेही आत चालत नाहीत. उपास, जप, पूजापाठ बंद. हे वाचून नास्तिक माणूस सुखावतो, पण त्याच संध्याकाळी त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (सदाचाराचे पाच नियम) पालीतून म्हणायचं असतं, तिथे तो अडतो. बुद्ध नावाच्या व्यक्तीला शरण न जाता बोधीच्या गुणांना शरण जायचं, असा खुलासा शिबिरातच होतो. तेवढ्यावर पुढे जायला हरकत नाही. शिवाय पंचशीलातली पाचही बंधनं पाळायला देव लागत नाही.

पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. अकराला जेवण, पाचला चहा; नव्या साधकांना सोबत थोडं फळ-मुरमुरे, आधी शिबिर केलेल्या जुन्यांना लिंबूपाणी. सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा अशा एकेक तासाच्या तीन सामूहिक बैठका चुकवता येत नाहीत. सात वाजता या परंपरेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसाकाठी दहा तासांच्या वर बैठक होते.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठाच्या वर जी इवलीशी जागा आहे, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचा स्पर्श टिपायचा. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, कुठलं नाव जोडायचं नाही. नवखे इथे हमखास एक चूक करतात. श्वास जाणवत नाही म्हणून तो जोरात ओढत बसतात आणि दुपारपर्यंत डोकं जड होतं. न जाणवल्यास काही श्वास मुद्दाम किंचित जोराने घेऊन परत नैसर्गिक श्वासावर यायचं, इतकंच. या भागात श्रद्धेचा अंशही लागत नाही. मन दहा-बारा श्वाससुद्धा एका जागी थांबत नाही, हे ज्याचं त्याला दिसतं.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात: डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत क्रमाने लक्ष फिरवायचं, जी संवेदना असेल ती बघायची, तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. मग रोजच्या त्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात, म्हणजे तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्यातली कळ आधी एकसंध दगडासारखी वाटते. टिकून पाहिलं तर तिच्यात ठणका, उष्णता, ताण असे वेगवेगळे पदर दिसतात आणि 'आता सहन होणार नाही' हा विचार त्या कळेपासून सुटा होतो. शिबिराचं खरं मोल इथे आहे, आणि ते आस्तिकाला मिळतं तेवढंच नास्तिकाला मिळतं.

सिद्धांत मात्र तपासूनच घ्यावा. समतेने, म्हणजे प्रतिक्रिया न देता पाहिल्यावर मनावरचे जुने संस्कार संवेदनेच्या रूपाने वर येतात आणि त्यांची निर्जरा होते, म्हणजे ते झडून जातात, असं प्रवचनात सांगतात. हे तिथे बसून पडताळता येत नाही. त्वचेवर लक्ष दिलं की एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या संवेदना जाणवू लागतात, या साध्या स्पष्टीकरणानेही तोच अनुभव उलगडतो. अंगभर झिणझिण्या वाहतील असं आधी ऐकलेल्याला त्या लवकर वाहिल्यासारख्या वाटतात, हेही ध्यानात ठेवा. कलाप (शरीर ज्यांचं बनलं आहे असं सांगतात ते अतिसूक्ष्म कण), मागचे जन्म आणि विज्ञानाचा दुजोरा हा भाग आम्हाला सर्वात कच्चा वाटतो. गोयंका स्वतः खिरीची गोष्ट सांगतात: खिरीतले वेलदोड्याचे दाणे मुलाला खडे वाटतात, तर ते काढून ठेव आणि खीर खा, असं आई म्हणते. नास्तिकाने ही सवलत निःसंकोच वापरावी.

एक अडचण खरी आहे. या परंपरेत संशय हा साधनेच्या पाच शत्रूंपैकी एक मानला जातो. विवेकवाद्याला हे खटकणारच. पण प्रत्येक वाक्याशी मनातल्या मनात वाद घालत बसलात तर दहा दिवस वादातच जातील. निकाल अकराव्या दिवसापर्यंत तहकूब ठेवा; तहकूब करणं म्हणजे मान्य करणं नव्हे.

नागपुरात हा प्रश्न नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जो धम्म दिला, त्यात बावीस प्रतिज्ञा होत्या, ईश्वर नव्हता. म्हणूनच इथल्या आंबेडकरी वर्तुळात डोळे मिटून बसण्यापेक्षा समाज बदलण्याला धम्म म्हणावं, असा विपश्यनेवरचा आक्षेप जोरात मांडला जातो. आक्षेप रास्त आहे. शिबिरात सामाजिक विषमतेवर जवळपास काहीच नाही. ती अपेक्षा घेऊन जाऊ नका.

शुल्क नाही, राहणं-जेवणंही फुकट. दान शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात, ही पद्धत आम्हाला फार आवडते. रोग बरा करण्याचं आश्वासन कुणी देत नाही. गंभीर मानसिक आजार असेल किंवा त्याची औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहा, आधी डॉक्टरांना विचारा आणि नकार मिळाला तर वाद घालू नका. पाठीचा त्रास असल्यास खुर्ची मागता येते. दुसरा आणि सहावा दिवस जड जातो, तेव्हा थेट गेटकडे न जाता दुपारी बारा ते एकच्या वेळेत सहायक आचार्यांना भेटा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पहाटेसाठी शाल हवीच.

परत आल्यावरच्या पहिल्या आठवड्याच्या आनंदावर मत बनवू नका. मौन, हलकं जेवण आणि मोबाईल नसणं यांचाही त्यात वाटा असतो. जाण्याआधी झोप, चिडचिड आणि मोबाईलचे तास कागदावर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं शिबिरात सांगतात. अनेकांचं ते लवकरच सुटतं. सकाळचा अर्धा तास तरी नेमाने टिकवला, तरच तीन महिन्यांनंतरच्या त्या नोंदींना काही अर्थ राहील.